आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी एम.टेक. आणि पीएच.डी. आखताना विषयांची यादी सगळ्यात शेवटी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातलं एक अभियांत्रिकी महाविद्यालय पूर्व आफ्रिकेतल्या एका विद्यापीठाशी करार करतंय. पाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीत आधी एम.टेक. सुरू करायचं, बस्तान बसलं की पीएच.डी. विद्यार्थी मुख्यतः टांझानिया, इथिओपिया आणि केनियातले असतील. विषय कोणते ठेवावेत, विद्यार्थ्यांनी भारतात किती काळ राहावं आणि तिकडे किती, गाईड कोण असावा, आणि शिकलेली मुलं आपल्या देशात परत जाऊन काम करतील का, असं विचारलं आहे.

मी पर्यावरण अभियांत्रिकी शिकवते. इथिओपिया आणि टांझानियात बरीच वर्षं शिकवलं, तिथल्या विद्यार्थ्यांची गाईड होते, आजही काही जणांचं सह-मार्गदर्शन इथून करते. त्या अनुभवावरून सांगते, विषयांची यादी सगळ्यात शेवटी करा. आधी काही गोष्टी ठरू द्या. विद्यार्थ्याचा संशोधनाचा प्रश्न कुठल्या गावातला, कुठल्या कारखान्यातला, कुठल्या नदीवरचा आहे? ज्या उपकरणावर त्याचं मोजमाप होणार, ते पदवीनंतर त्याच्या हाताशी असेल का? आणि परत गेल्यावर तो कोणत्या खुर्चीत बसणार? याची उत्तरं आफ्रिकेतली असतील तर अभ्यासक्रमातल्या उणिवा पुढे भरून काढता येतात. ती भारतातली असतील, तर कितीही उत्तम अभ्यासक्रमातून पदवीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही.

फ्लोराइडचं उदाहरण घेऊन सांगते, कारण तुमचा विषय पाणी आहे आणि या उदाहरणाची नाळ थेट नागपूरशी जोडलेली आहे. इथिओपियापासून टांझानियापर्यंत पसरलेल्या खचदरीत ज्वालामुखीच्या खडकांमुळे भूजलात फ्लोराइड फार असतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. आरुशाजवळ मेरू पर्वताच्या उतारावर याच्या दहापटीचं पाणी सापडतं. इथिओपियात वोंजीच्या ऊसमळ्यांवर वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी पिऊन कामगारांची हाडं आणि सांधे आखडले. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, किनवट भागात हाच त्रास आहे, म्हणून आपल्या लोकांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. नागपूरच्या नीरीने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, १९७०च्या दशकात यावर नलगोंडा पद्धत विकसित केली. पाण्यात तुरटी आणि चुना घालायचा, निर्जंतुकीसाठी ब्लिचिंग पावडर, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. ही पद्धत पुढे टांझानियात आणि इथिओपियातही वापरून पाहिली गेली.

फ्लोराइड मर्यादेच्या थोडं वर असेल तिथे ती ठीक चालते. खचदरीतलं पाणी मात्र अल्कधर्मी, सोडियम बायकार्बोनेटने भरलेलं आणि फ्लोराइड फारच जास्त असलेलं. तिथे तुरटीचा डोस इतका वाढवावा लागतो की गाळाचे ढीग साचतात आणि पाण्यात सल्फेट वाढतं. म्हणून तिकडे हाडांच्या कोळशाच्या गाळण्यांवर बरंच काम झालं. आरुशाजवळच्या न्गुरडोटोला त्यासाठी संशोधन केंद्र आहे, आणि केनियात नाकुरूच्या कॅथलिक धर्मप्रांताने अशा गाळण्या बनवून लोकांपर्यंत पोहोचवल्या. तिथेही कोणत्या जनावराची हाडं, हा प्रश्न घरोघरी विचारला जातोच. हे सगळं नागपुरातल्या किंवा पुण्यातल्या लॅबमध्ये बसून कळत नाही.

एका विद्यार्थिनीचं काम जवळून सांगते. ती तुरटीने प्रक्रिया केलेल्या पाण्यातलं उरलेलं फ्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजत होती. आकडे मर्यादेच्या आत येत होते आणि थिसिसचं प्रकरण जवळजवळ लिहून झालं होतं. तरी तिने एक तपासणी केली: नमुन्यात ठरावीक मात्रेचं फ्लोराइड स्वतः घालून परत मोजलं. घातलेलं सगळं फ्लोराइड इलेक्ट्रोडला दिसेना. कारण असं की तुरटीतलं उरलेलं अॅल्युमिनियम फ्लोराइडला बांधून ठेवतं आणि इलेक्ट्रोडला फक्त मोकळं फ्लोराइड कळतं. ही बांधणी सोडवण्यासाठी बफरमध्ये, म्हणजे मोजण्याआधी नमुन्यात मिसळायच्या द्रावणात, सीडीटीए नावाचं रसायन घालतात. ते लॅबमध्ये संपलेलं होतं आणि नवं यायला सेमिस्टर गेलं असतं, म्हणून बफर त्याच्याशिवाय बनवलेला होता. तिने सोडियम सायट्रेटचा जास्त तीव्रतेचा बफर तयार केला, नमुना रात्रभर त्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मोजलं. घातलेलं फ्लोराइड आता पुरेपूर दिसलं, आणि जे पाणी सुरक्षित वाटत होतं ते मर्यादेच्या वर निघालं.

आता विचार करा. हीच मुलगी भारतातल्या सुसज्ज लॅबमध्ये असती तर कपाटातून तयार बफरची बाटली निघाली असती, आकडा पहिल्याच दिवशी बरोबर आला असता आणि ती समाधानाने परत गेली असती. मग तिकडे सीडीटीए संपल्यावर चुकीचा आकडा तिला बरोबर वाटला असता, आणि त्या आकड्यावर कुणीतरी एखाद्या गावाला पाणी प्या म्हणून सांगितलं असतं. तिला उपयोगी पडली ती पदवीच्या दुसऱ्या वर्षातली रसायनशास्त्राची समज आणि मोजमापावर शंका घेण्याची सवय. ‘प्रगत जलशुद्धीकरण’ नावाच्या विषयाचे चार क्रेडिट तिने घेतले होते. त्यात हे नव्हतं.

म्हणून माझा आग्रह आहे की एम.टेक.चं दुसरं वर्ष, म्हणजे प्रोजेक्टचं वर्ष, संपूर्णपणे आफ्रिकेत व्हावं. पहिलं वर्ष भारतात, आणि त्याच वर्षी प्रपोजल पक्कं. पीएच.डी.ला तर मुख्य नोंदणीच तिकडच्या विद्यापीठात ठेवा. विद्यार्थी आपल्याकडे दोन-तीन टप्प्यांत येऊन जाईल. ही सँडविच पद्धत नवी नाही. स्वीडनमधल्या उप्सालात १९६१मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी ती बरीच वर्षं चालवली. नैरोबीत कीटकशास्त्रज्ञ थॉमस ओधियाम्बो यांनी १९७०मध्ये ‘इसिपे’ ही कीटकांवर संशोधन करणारी संस्था उभी केली आणि १९८३पासून तिथे आफ्रिकी विद्यापीठांशी मिळून पीएच.डी.चा कार्यक्रम सुरू झाला. विद्यार्थ्याची नोंदणी आफ्रिकेतल्या विद्यापीठात, संशोधन इसिपेत, आणि प्रश्न शेतातला. याच संस्थेत भारतात जन्मलेले झियाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यासाठी ‘पुश-पुल’ पद्धत विकसित केली: मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम लावायचं, जे खोडकिड्याला दूर सारतं आणि स्ट्रायगा हे तण दाबतं, शेताच्या कडेने नेपियर गवत, जे किड्याला आपल्याकडे ओढतं. गवत आणि डेस्मोडियम दोन्ही जनावरांचा चारा. असं संशोधन शेतकऱ्याच्या बांधावर वर्षानुवर्षं राहूनच होतं.

खुर्चीचा मुद्दा बहुतेक जण विसरतात, त्याबद्दल जरा जास्त लिहिते. केनिया आज आपली जवळपास निम्मी वीज भूऔष्णिक स्रोतांतून, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेतून काढतो. ओल्कारियाचं पहिलं केंद्र १९८१मध्ये सुरू झालं. हे मनुष्यबळ कसं तयार झालं हे पाहण्यासारखं आहे. आइसलँडने १९७९पासून विकसनशील देशांतल्या तंत्रज्ञांसाठी सहा महिन्यांचं भूऔष्णिक प्रशिक्षण चालवलं, आणि तिथे शिकून गेलेल्यांत केनियाचे लोक सर्वाधिक आहेत. उमेदवार निवडताना आइसलँडचे शिक्षक त्यांच्या देशात, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन मुलाखत घेत. उमेदवार आधीच नोकरीत असायचा, त्याला त्याच्या संस्थेने पाठवलेलं असायचं, आणि पुष्कळदा तो आपल्याच क्षेत्राचा डेटा घेऊन प्रोजेक्ट करायचा. परत गेल्यावर त्याचं टेबल, त्याची विहीर, त्याचा साहेब सगळं जागेवर असायचं. त्यातल्या चांगल्यांना पुढे मास्टर्स आणि पीएच.डी.साठी बोलावलं. नंतर २००५पासून केनियातच लघु अभ्यासक्रम सुरू झाले, आणि तिथे शिकवायला उभे राहणाऱ्यांत पूर्वीचे विद्यार्थी होते. निवडीच्या त्या पद्धतीतच मुलं परत जातील का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा की निम्म्या जागा तरी नोकरीत असलेल्यांसाठी राखा: पाणीपुरवठा प्राधिकरणातले अभियंते, खोरे प्राधिकरणातले लोक, विद्यापीठांतले असिस्टंट लेक्चरर. त्यांच्या संस्थेकडून रजेचं आणि परत घेण्याचं पत्र प्रवेशाच्या वेळीच घ्या. मुलाखतीला तुमच्या दोन प्राध्यापकांनी तिकडे जावं. व्हिडिओ कॉलवर मार्क कळतात, उमेदवाराची लॅब आणि त्याचा वरिष्ठ कळत नाही.

आता प्रवेशानंतरची पहिली अडचण. पूर्व आफ्रिकेतल्या विद्यापीठांत पदवीचे वर्ग मोठे, आणि प्रात्यक्षिकं बरेचदा एकाने करायची नि बाकीच्यांनी पाहायची. मुलं हुशार असतात, गणित चांगलं असतं, पण स्वतः प्रयोग आखलेला नसतो, प्रोग्रॅमिंगचा हात बसलेला नसतो. ही दरी कशी भरायची याचा उत्तम नमुना ‘एम्स’चा आहे, म्हणजे आफ्रिकन इन्स्टिट्यूट फॉर मॅथेमॅटिकल सायन्सेस. नील टुरोक यांच्या पुढाकाराने २००३मध्ये केप टाउनजवळच्या मुइझेनबर्गमध्ये एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत ती सुरू झाली. नंतर सेनेगल, घाना, कॅमेरून आणि रवांडातही केंद्रं झाली. खंडभरातून विद्यार्थी येतात, राहण्याजेवणासकट खर्च संस्थेचा. वर्षभरात तीन-तीन आठवड्यांचे सलग कोर्स, शिकवायला जगभरातून आलेले प्राध्यापक, आणि शिक्षक, ट्युटर, विद्यार्थी सगळे एकाच छपराखाली. रात्री दहाला सुचलेली शंका रात्री दहालाच विचारता येते. फ्रेंचमध्ये शिकलेली मुलं तिथेच इंग्रजीत उभी राहतात.

तुमचं महाविद्यालय एम्स होऊ शकणार नाही, पण त्यातल्या दोन गोष्टी घेता येतील. पहिलं सत्र तासातासाच्या वेळापत्रकात चिरडू नका. मोजमाप आणि अनिश्चितता, संख्याशास्त्र, पायथन, शास्त्रीय लेखन असे तीन-चार आठवड्यांचे सलग गट करा आणि त्या काळात दुसरं काही ठेवू नका. आणि निवासी ट्युटर नेमा, म्हणजे संध्याकाळी वसतिगृहात बसून गणितं सोडवून घेणारे तुमचेच तरुण पीएच.डी. विद्यार्थी, योग्य मानधनावर. या सत्राला पूरक वर्ग वगैरे नाव देऊन त्याची पायरी खाली आणू नका. त्याला पूर्ण क्रेडिट द्या, कारण संशोधनाचा पाया तिथेच पडतो.

भाषेबद्दल थोडं. टांझानियात प्राथमिक शिक्षण किस्वाहिलीत, माध्यमिकपासून इंग्रजी. इथिओपियात मूल अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या अशा आपल्या भाषेत सुरुवात करतं आणि माध्यमिकला इंग्रजीत जातं. मराठी माध्यमातून इंजिनिअरिंगला आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी काय होतं हे आपल्याला पक्कं माहीत आहे. विषय समजलेला असतो, तोंड उघडत नाही. त्यांच्यासाठी जे केल्याने फायदा झाला तेच इथे करा. दर आठवड्याला एक पान लिहायला लावा, ते तपासून परत द्या, पुन्हा लिहून घ्या. व्हायवाच्या धाकाने भाषा सुधारत नाही.

गाईडबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तिकडच्या विद्यापीठांत पीएच.डी. झालेले प्राध्यापक कमी, आणि जे आहेत त्यांच्यावर वर्ग, प्रशासन, सल्लागारीची कामं असा भार. विद्यार्थीही बहुतेक तिशी-पस्तिशीतले, संसार असलेले, नोकरीत असलेले. विद्यार्थी गावी परतला की विभागप्रमुख त्याच्या गळ्यात दोन वर्ग घालतो आणि थिसिस रखडतो. २००८मध्ये सुरू झालेल्या ‘कार्टा’ या आफ्रिकी विद्यापीठांच्या गटाने यावर विचार केला आहे. ते सदस्य विद्यापीठांत आधीच नोकरीत असलेल्या अध्यापकांना घेतात, ठरावीक टप्प्यांवर सगळ्यांना एकत्र आणून निवासी चर्चासत्रं घेतात, आणि गाईडनाही प्रशिक्षण देतात. तुम्ही करारात लिहून घ्या की प्रोजेक्टच्या वर्षात विद्यार्थ्यावर अध्यापनाचा भार किती असेल. दोन्ही गाईडनी महिन्यातून एकदा विद्यार्थ्यासह एकत्र बोलायचं हेही लिहा. डेटा कुणाचा, पहिला लेखक कोण, हे प्रपोजलच्या वेळी ठरलं पाहिजे. आफ्रिकेत नमुने गोळा करायचे, विश्लेषण बाहेर करायचं आणि शोधनिबंधात तिकडच्या माणसाचं नाव मधे कुठेतरी घालायचं, असा प्रकार युरोपीय प्रकल्पांत पुष्कळ झाला. आपण तोच करू लागलो तर तिकडचे लोक आपल्याला तशाच नजरेने पाहतील, आणि त्यांचं बरोबर असेल. तिकडे फील्डवर जाणाऱ्या भारतीय प्राध्यापकाला टांझानियात ‘कॉस्टेक’ आणि केनियात ‘नाकोस्ती’ या सरकारी विज्ञान आयोगांचा संशोधन परवाना लागतो. त्याला वेळ लागतो, तो वेळापत्रकात धरा.

उपकरणांचं सांगते. देणगीत आलेली, खोक्यातून बाहेर न निघालेली किंवा एका बोर्डसाठी बंद पडलेली यंत्रं मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहेत. धातूंचे अगदी सूक्ष्म अंश मोजणारं आयसीपी-एमएससारखं यंत्र घ्यायला सगळ्यांना आवडतं, पण त्याला सतत आर्गॉन लागतो, स्थिर वीज लागते, आणि सर्व्हिस इंजिनिअर दुसऱ्या देशातून विमानाने यावा लागतो. पाण्याच्या एम.टेक.ला चांगलं स्पेक्ट्रोफोटोमीटर, दोन-तीन इलेक्ट्रोड संच, जिवाणू तपासणीची व्यवस्था, विश्वासाचं डिस्टिल्ड वॉटर आणि यूपीएस एवढ्यावर पुष्कळ प्रामाणिक काम होतं. बजेटमध्ये सुटे भाग आणि रसायनं यांच्यासाठी दर वर्षीची रक्कम वेगळी काढा, आणि विद्यार्थ्याला तेच मॉडेल इकडे वापरायला द्या जे त्याला तिकडे मिळणार आहे. उपकरण उघडून, साफ करून, कॅलिब्रेट करून परत जोडणं हे प्रात्यक्षिकात गुणांसह असलं पाहिजे.

टेक्निशियनशिवाय यातलं काहीच टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेने स्क्वेअर किलोमीटर अॅरे या रेडिओ दुर्बिणीच्या तयारीसाठी २००५पासून शिष्यवृत्त्यांचा जो कार्यक्रम चालवला, त्यात पीएच.डी.पासून तंत्रज्ञ आणि कारागिरांपर्यंत सगळ्या पायऱ्यांचे लोक होते, आणि भागीदार आफ्रिकी देशांतले विद्यार्थीही. २०१८मध्ये ६४ अँटेनांची मीरकॅट दुर्बीण उभी राहिली तेव्हा ती चालवणारी माणसं घरची होती. घानाने कुंटुन्से इथली दूरसंचाराची ३२ मीटरची जुनी अँटेना रेडिओ दुर्बिणीत बदलून घेतली. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आपली रेडिओ दुर्बीण उभी राहताना पाहिलेल्यांना हे लगेच पटेल, कारण तिथेही शास्त्रज्ञांइतकेच कार्यशाळेतले हात महत्त्वाचे होते.

असं सगळं जमून आलं की काय घडू शकतं? नायजेरियात एडे इथल्या रिडीमर्स विद्यापीठात ख्रिश्चन हॅपी यांच्या केंद्राने मार्च २०२०मध्ये देशातल्या पहिल्या कोविड रुग्णाच्या नमुन्यातून विषाणूचा जनुकक्रम काढला. आफ्रिकेतून आलेला तो पहिला क्रम होता, आणि काही दिवसांत आला, कारण यंत्र तिथे, माणसं तिथे आणि आधीच्या इबोला-लासाच्या कामाने हात तयार झालेले. हे केंद्र जागतिक बँकेच्या आफ्रिकी उत्कृष्टता केंद्रांच्या योजनेतलं. या योजनेत निधी निकालांना बांधलेला असतो: शेजारी देशांतले विद्यार्थी घेतले का, मान्यता मिळवली का, त्यावर पैसे सुटतात. तुमच्या विषयाची अशी दोन केंद्रं पूर्व आफ्रिकेत आहेत, एक अदिस अबाबा विद्यापीठात पाणी व्यवस्थापनाचं आणि एक आरुशाच्या नेल्सन मंडेला संस्थेत पाणी आणि ऊर्जेचं. त्यांच्याशी आधी बोला. त्याच आरुशाच्या संस्थेतले आस्क्वार हिलोंगा यांना वाळू आणि नॅनो-पदार्थांच्या, स्थानिक पाण्यानुसार जुळवून घेता येणाऱ्या गाळणीसाठी २०१५मध्ये अभियांत्रिकी नवोपक्रमाचं आफ्रिका पारितोषिक मिळालं. त्यांची पीएच.डी. दक्षिण कोरियातली. बाहेर शिकून आलेल्या माणसाला आपल्या गावच्या पाण्यावर काम करायला जागा मिळाली, एवढंच मला इथे दाखवायचं आहे.

शाखा-संकुलाचा मार्गही आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठ २०११पासून किगालीत आहे, आणि आयआयटी मद्रासने नोव्हेंबर २०२३मध्ये झांझिबारला संकुल सुरू केलं, तिथे डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत पदवी आणि एम.टेक. आहे. या संकुलाच्या प्रमुख प्रीती अघालयम या कोणत्याही आयआयटीची धुरा सांभाळणाऱ्या पहिल्या महिला. विद्यार्थी घराजवळ राहतो हा मोठा फायदा. पण त्यासाठी लागणारं भांडवल आणि राजकीय पाठबळ एका महाविद्यालयाकडे नसतं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

स्टायपेंडचा आकडा ठरवताना फी आणि मेस एवढंच धरू नका. तिकडे बहुतेकांच्या पगारावर भावंडांची शिक्षणं चाललेली असतात. रजेवर पगार अर्धा झाला की पहिला ताण तिथून येतो आणि तो मार्कांत दिसतो. लहान मूल असलेल्या विद्यार्थिनी चांगल्या संख्येने अर्ज करतील, जर मूल आणि सांभाळणारी व्यक्ती यांच्यासाठी खोली मिळणार असेल तर. नाही मिळाली तर त्या अर्जच करणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल मुलींना रस नाही.

महाराष्ट्रात राहण्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. पुण्यात आफ्रिकी विद्यार्थी कित्येक दशकांपासून येतात, तरी आजही त्वचेचा रंग पाहून खोली नाकारणारे घरमालक आहेत, आणि रिक्षात, दुकानात, रस्त्यावर अपमान सहन करावे लागतात. माझ्या विद्यार्थ्यांनी ते सोसलं आहे. वसतिगृहातली खोली पदवी संपेपर्यंत हक्काची ठेवा आणि परदेशी नागरिक नोंदणीच्या कामाला एक माणूस द्या. प्रवेशाच्या फॉर्ममधला आडनावाचा सक्तीचा रकानाही काढा. इथिओपियन माणसाला आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं असा क्रम. पासपोर्टवर एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं नाव आलं की व्हिसाच्या मुदतवाढीला महिने जातात. टांझानियात विद्यापीठाचं वर्ष साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतं. तुमचा जुलै-ऑगस्टचा प्रवेश त्यांच्या निकालांशी जुळतो का ते आधी तपासा.

सगळे परत जातील का? जाणार नाहीत, आणि बाँड लिहून घेऊन अडवूही नये. पण ज्याची नोकरी तिकडे आहे, ज्याचा थिसिस आपल्या खोऱ्यावर आहे आणि ज्याचं यंत्र चालू आहे, त्याला परत जाण्यात अर्थ दिसतो. जे दुसरीकडे जातील त्यांनाही पुढच्या तुकड्यांचे सह-गाईड म्हणून जोडून ठेवता येतं.

आता विषय. गटवार सत्रानंतर भूजल आणि त्याचं रसायन, जलशुद्धीकरणाच्या एकेक प्रक्रिया आणि त्या लहान प्रमाणावर चालवून पाहणं, मलनिस्सारण आणि मैला-गाळ व्यवस्थापन, उपग्रह प्रतिमांतून जलविज्ञान, पाणीयोजनांचा खर्च आणि दुरुस्ती. त्यातला मैला-गाळ चुकवू नका. तिकडच्या शहरांत गटारांचं जाळं फार थोड्या भागात आहे, शोषखड्डे आणि टाक्या उपसूनच सगळं चालतं, आणि आपल्या एम.टेक.च्या पुस्तकांत मात्र मोठ्या मलप्रक्रिया केंद्रांचीच गणितं आहेत. सातारा जिल्ह्यात वाईला टाक्या ठरावीक वर्षांनी उपसण्याची नगरपालिकेची व्यवस्था आहे, ती विद्यार्थ्यांना नेऊन दाखवा. एवढं पुरे. बाकीचे क्रेडिट प्रोजेक्टला द्या.

पहिली तुकडी आठ-दहाचीच घ्या, दोनच देशांतली, आणि शक्य असेल तर एकाच खोऱ्यावर काम करणारी, म्हणजे परत गेल्यावर त्यांना एकमेकांच्या लॅबचा आधार राहील. आणि करारावर सह्या होण्यापूर्वी त्यात एक कलम घाला: तिकडच्या लॅबचा टेक्निशियन पहिल्या सत्रात सहा आठवडे तुमच्याकडे येऊन त्याच उपकरणांवर काम करेल, तिकीट आणि भत्ता तुमच्या बाजूने. प्राध्यापकांच्या भेटीगाठींचे पैसे कमी पडले तरी चालतील, या कलमाचे पडू देऊ नका.